चेहरा झाकला होता

"चेहरा पूर्ण झाकलाय," गरुड सर म्हणाले. "आता तुम्ही सांगा वाणी मॅडम, ओळखू येते का ही बाई?"

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. खिडकीला जुनी सतरंजी टांगून अंधार केलेला. कॉम्प्युटरसमोर समाजशास्त्राचे गरुड सर, त्यांच्या शेजारी दुसऱ्या वर्षाची कल्याणी पाटील, आणि दाराशी मी. श्रावणी सोमवार होता. उपासाचं पोट आणि खोलीतला कोंदट वास, त्यामुळे मला बसवत नव्हतं.

पडद्यावर चूल पेटली होती. चुलीवर पालथं खापर. एक बाई पुरणाचा मांडा करत होती. तिच्या तोंडाच्या जागी करड्या धुराचा गोळा हलत होता, आवाज कल्याणीचा होता, वाचून दाखवलेला:

'माझा नवरा सुरतेला गिरणीत होता. अकरा वर्षांपूर्वी तिकडेच वारला. त्याच्या खोलीवरच्या माणसांनी कळवलं. मी चिठ्ठी चुलीत घातली. कुणाला सांगितलं नाही. लग्नात देवाचा पहिला मांडा सवाष्णीच्या हातचा लागतो. मी कुंकू पुसलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझं खापर बंद झालं असतं. पोरीला काय खाऊ घातलं असतं? म्हणून मी कुंकू ठेवलं.'

आणि कॅमेरा हातांवर आला. दोन्ही हातांवरून मांडा झुलत झुलत कोपरापर्यंत गेला, पातळ होत होत ओढणीएवढा झाला. बांगड्या वर सारून त्यांच्यावर पांढऱ्या चिंधीची पट्टी बांधलेली. खापरावर टाकण्याआधी डाव्या हाताच्या करंगळीनं कड हलकेच सारखी केली, आणि मांडा खापरावर पडला.

"हात काय सुंदर आलेत!" सर म्हणाले. "हे मी कापू दिलं नाही. हातांमध्येच अख्खी फिल्म आहे."

"मॅडम, सांगा ना," कल्याणी म्हणाली. "मी त्यांना वचन दिलंय. तुम्ही इथल्याच. तुम्हाला कळलं नाही तर कुणालाच कळणार नाही."

"नाही," मी म्हणाले. "ओळखू येत नाही."

"झालं तर मग!" सरांनी टाळी वाजवली. "वाणी मॅडमचा शब्द म्हणजे सही-शिक्का."

मी पहिल्याच मांड्याला ओळखलं होतं. खापरावर बसणाऱ्या बाया बांगड्या काढून ठेवतात, नाहीतर मांडा फाटतो. आमच्या तालुक्यात बांगड्या न काढता चिंधी बांधून मांडे करणारी एकच होती, केसरबाई. आणि ती करंगळी. ती करंगळी मी माझ्या स्वयंपाकघरात कितीदा पाहिली होती.

याला आता बावीस वर्षं होत आली. कॉलेजात तेव्हा महिला समितीची 'ओसरी' नावाची चित्रपटमाला चालायची. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता एक चित्रपट, मग चर्चा. हुंडा, दारू, मुलगी नको म्हणणारी घरं. गावातल्या बायांनाही बोलावणं असे. समितीत बाई हवी असा नियम होता, आणि आमच्या तिन्ही प्राध्यापिका जळगावहून ये-जा करणाऱ्या, त्यांना साडेतीनची बस. म्हणून ग्रंथालयातल्या मला घेतलेलं. मी आवाज चढवत नाही, कुणाच्या अध्यात-मध्यात नसते, हे सरांना सोयीचं होतं. पहाटे उठून पूजा, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, जप झाल्याशिवाय पाणी नाही, आणि तोंडून खोटं जाऊ द्यायचं नाही, एवढे माझे नेम. गावाला ते माहीत होते. मला वाटतं, मलाही ते गावाला माहीत असणं आवडायचं.

त्यातलाच एक नेम श्रावणातल्या शुक्रवारचा. सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची, हात भरून बांगड्या. नऊ वर्षं माझी सवाष्ण केसरबाई होती.

मंगळवारी संध्याकाळी ती स्वतःच दारात आली.

"हेमाताई, गुरवारी कॉलेजात खापर लावायचं म्हने. मोठ्या कोनी पाहुन्या येनार हायेत. किती मानसं धरू?"

"ऐंशी धर."

"ऐंशी! मंग पहाटेच कनीक भिजवते." ती पायरीवर टेकली. पदरानं मान पुसली. कपाळावरचं कुंकू घामानं जरा पसरलं होतं. माझी नजर तिथून हटेना. "ती कल्यानी लई गुनाची पोरगी हाय बरं का. माझ्याजवळ बसून रडली. म्हने, मावशी, तुमचं तोंड दिसनार नाही, आवाज बी माझाच राहीन. मी म्हनलं, बाई, मंग मी सांगते. अकरा वरसं पोटात ठेवलं, एकदा तरी कोनाले सांगून मोकळी व्हते."

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हसली. "ते तुमाले काय सांगू ताई. तुमी देवमानूस. तुमाले इटाळ व्हईल."

तेव्हा मी सांगू शकले असते. केसर, हात दिसतायत. उद्या जा आणि त्या पोरीला सांग, हात काढ म्हणून. सांगायला एवढंच होतं. मी म्हणाले, "तूप मात्र घरचंच आण, डालडा नको."

"काय बोलता ताई!" ती म्हणाली. "माझ्या मांड्याले डालडा?"

गुरुवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत बालाजीच्या देवळातलं भजनी मंडळ, त्यात गरुड वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, खाली गादीवर मुलं-मुली. पाहुण्या बाई नाशिकहून आलेल्या. सरांनी प्रास्ताविक केलं. "आज आपण आरशात बघणार आहोत," असं काहीतरी. दिवे गेले.

मी मंडळाच्या मागच्याच रांगेत होते.

मांडा कोपराकडे झुलला आणि माझ्या पुढून कुजबुज आली.

"अगं, ही आपली केसर ना?"

"चूप."

"चिंधी बघ ना हाताला!"

"खरंच की गं बाई."

तोंडाच्या जागी धुराचा गोळा हलत होता आणि इकडे एकीकडून दुसरीकडे नाव सरकत चाललं होतं. दुसऱ्या रांगेच्या टोकाला पोचायला मांडा भाजून निघण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि मग नवऱ्याचं वाक्य आलं. चिठ्ठी चुलीत घातल्याचं. कुजबुज एकदम थांबली.

पोरी मुसमुसत होत्या. दिवे लागले तेव्हा पाहुण्या बाईंच्या डोळ्यांना रुमाल होता. टाळ्या थांबेनात. मंडळातल्या बायाही टाळ्या वाजवत होत्या. गरुड सरांचे डोळे भरले होते. ते तसेच घेऊन माईकपाशी उभे राहिले, पुसले नाहीत.

"ही बाई कोण, हे आपण सांगणार नाही," ते म्हणाले. "ती आपल्यातलीच कुणीही असू शकते."

"असू शकते काय," पुढून कोणीतरी पुटपुटलं. एक-दोघी फिसकन हसल्या. त्यांच्या गालांवर अजून पाणी होतं.

मागच्या पटांगणात केसरबाईनं दोन चुली मांडल्या होत्या. शेजारी तिची धाकटी बहीण पुरण भरून उंडे करून देत होती. वाफाळते मांडे चौघडी करून केळीच्या पानावर रचलेले, बाजूला तुपाची कासंडी, दूध. तिला आतलं काही माहीत नव्हतं. बाहेर येणाऱ्या बाया बघून तिचा चेहरा फुलला.

"या, या वहिनी! तुमच्यासाठी कडक भाजून ठेवलाय."

"अगं, माझा आज उपास," गरुड वहिनी म्हणाल्या.

"गुरवारचा? तुमी कधीपासून?"

"या वर्षीच धरलाय."

"मंग मंगलाताई, तुमी घ्या."

"नको गं, डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

"अहो, काल तर बारशाले..."

"काल वेगळं."

मग कुणाचं पोट दुखत होतं, कुणाची सून घरी वाट बघत होती. प्रत्येकीनं एक-एक कारण काढलं, आणि प्रत्येकीनं ते अगदी गोड आवाजात सांगितलं. कुणाचं काही वाईट बोलणं नाही. एकही पत्रावळ उचलली गेली नाही. मुलं लांब उभी, बाया घेत नाहीत म्हटल्यावर तीही पुढे येईनात. केसरबाईचे हात मात्र थांबले नव्हते. एक उतरवी, दुसरा टाकी. पानावरचा ढीग वाढत गेला.

गरुड वहिनी जाता जाता वळल्या. "केसर, मार्गशीर्षातल्या आमच्या नंदिनीच्या लग्नाचं म्हणालो होतो ना आपण? ते जरा थांब. माझ्या बहिणीनं भुसावळची कुणी बघून ठेवलीये."

"पन वहिनी, तुमी तर काम ठरवून नारळ देऊन..."

"नारळ राहू दे तुझ्याकडे."

तेव्हा तिला कळलं. तिनं डोळे वर करून एकेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. चिंधीकडे. खापरावरचा मांडा करपायला लागला, त्याचा वास पटांगणभर पसरला.

आणि गरुड सर आले. एका हातात पत्रावळ, तीत चार मांडे, वर तूप ओघळतंय. "वा केसरबाई! काय हात आहेत, कविता आहे ही!" तोंड भरलेलं. मग मंडळाच्या पाठमोऱ्या बायांकडे लक्ष गेलं, रिकाम्या पत्रावळींच्या गठ्ठ्याकडे गेलं, आणि त्यांचे डोळे चमकले. मी ते पाहिलं. भुकेल्या माणसाला दुसऱ्यांदा वाढल्यावर चमकतात तसे.

"बघितलंत मॅडम?" ते माझ्या कानाशी म्हणाले. तुपाचा वास माझ्या तोंडावर आला. "वास्तव कसं लगेच उभं राहिलं! हे तर फिल्मच्याही पुढचं आहे. कल्याणी! कॅमेरा कुठंय? हे घे, हा ढीग घे, आणि त्यांचा चेहरा घे. आता झाकायचीही गरज नाही."

कल्याणीनं कॅमेरा पिशवीतून काढला. सरांच्या हातात दिला. "तुम्हीच घ्या सर," म्हणाली, आणि फाटकाकडे चालायला लागली. पुढे गेल्यावर पळत सुटली.

मी ग्रंथालयात गेले, दार लावलं, आणि परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करत बसले. सरांची किळस आली म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दरवर्षीसारखं केसरबाईचं पान वाढून मी बाराला बसले. ती आली नाही. एकला मी पान झाकून तिच्या घरी गेले.

केसरबाई ओट्यावर बसून गहू निवडत होती. कुंकू होतं. बांगड्या होत्या. मला बघून उठली नाही.

"सकाळपासून तीन घरचे निरोप आले," ती म्हणाली. "तीनही घरचे सारखेच. बाई, राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी काय माझा नवरा उठून येनार हाय?"

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"ती कल्यानी आली व्हती रात्री बापाले घेऊन. पायावर पडली. म्हने, मावशी, मी वाणी मॅडमले दाखवलं व्हतं, त्या म्हनल्या, ओळखू येत नाही." तिनं सूप खाली ठेवलं. "ताई, खरंच नव्हतं ओळखू आलं?"

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. सोमवारी तो मी मोडला होता.

"आलं होतं," मी म्हणाले.

"मंग?"

"मला राग आला होता, केसर. नऊ वर्षं मी तुझी ओटी भरली. नऊ वर्षं देवापुढे सवाष्ण म्हणून तुला बसवलं. ते सगळं वाया गेलं असं वाटलं. वाटलं, हिनं मला फसवलं. होऊ दे तिचं काय व्हायचं ते."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, हे सगळं मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात बोलले होते. जपाला बसल्यासारखं.

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. एक खडा सापडला, तो अंगणात टाकला.

"ते गरुड सर हायेत ना," ती म्हणाली, "ते बोलायचे दुकानदार हायेत. त्यायचं मी समजू शकते. पोरगी लहान हाय. मंडळाच्या बाया काय, त्या पैल्यापासून तशाच. तुमी काय हायेत हे माले कळंना." मग डोळे पुसून एकदम बाजारात भाव करावा तशा आवाजात बोलली. "बरं. झालं ते झालं. आता माझं एक काम करा. सोमवारी देवळात भजनाले सगळ्या राहतील. तिथं सांगा, ती मी नव्हती."

"काय?"

"दुसरी कोनी व्हती. शिरपूरकडची. तुमी समितीत हायेत, तुमी सांगितलं तर कोनी इचारनार नाही. तुमी खोटं बोलत नाही हे गावाले ठावं हाय. एकदा बोललात माझं घर पाडायले. आता दुसऱ्यांदा बोला, उभं करायले."

सोमवारी मी गेले. भजन संपलं, आरती झाली, प्रसाद वाटायला घेतला. मी मधे उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या बायांसमोर बोलत होते.

"गुरुवारच्या फिल्ममधली बाई केसर नव्हती. शिरपूरची होती. मी स्वतः होते तिथे चित्रीकरणाला. हात बांधायची पद्धत तिनं केसरकडूनच उचललीये."

गरुड वहिनींनी गाभाऱ्याकडे बोट केलं. "बालाजीसमोर सांगताय ना, हेमाताई?"

"बालाजीसमोर."

मग एक मोठा सुस्कारा ऐकू आला, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"बघा, मी म्हणतच होते!"

"केसरच्या मनगटावर तीळ आहे ना? त्या बाईला कुठे होता?"

"आणि केसर एवढी काळी नाहीये."

"उगाच त्या बिचारीचे मांडे वाया घालवले. कोण म्हणालं गं पहिलं?"

"मी नाही बाई!"

केसरच्या मनगटावर तीळ नव्हता. नऊ वर्षं त्या मनगटात मी बांगड्या चढवल्या होत्या. त्या सगळ्यांनी ते हात ओळखले होते, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. त्यांना फक्त कुणाचा तरी शब्द हवा होता, अंगावर पांघरून परत मांडे खायला. तो माझा होता म्हणून त्यांना बरं वाटलं. प्रसादाचा शिरा माझ्या हातावर पडला, तो मी पदरात बांधून घरी नेला आणि गायीला घातला. मला तो खाववला नसता.

मार्गशीर्षात नंदिनी गरुडचं लग्न लागलं. मांडवाच्या मागं खापर केसरबाईचंच होतं. सकाळी गरुड वहिनींनी तिला हळद-कुंकू लावलं, आणि देवाचा पहिला मांडा तिनंच टाकला.

गरुड सर मला पंगतीच्या कडेला भेटले. फेटा, नवा झब्बा. "मॅडम, तुम्ही माझी फिल्म मारलीत," ते म्हणाले. "पुण्याला स्पर्धेला पाठवणार होतो. आता गावच म्हणतं की खोटी आहे. एका खऱ्या बाईचा खरा आवाज तुम्ही दाबलात. कळतंय का तुम्हाला?"

"मग आज खापर कुणाचं लावलंय सर?"

"ते घरातल्या बायकांचं. मी त्यात पडत नाही," असं म्हणून ते वाढप्याला हाक मारायला लागले. "अरे, इकडे तूप आण!"

मी मांडवाच्या मागं गेले. दुपारची दोनची वेळ. धग लांबूनच लागत होती. केसरबाई पहाटेपासून तिथेच बसलेली, चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. मी माठातून तांब्या भरून घेतला, पेला उपडा घातला, आणि तिच्यापाशी नेला.

"केसर, पाणी घे."

तिनं वर पाहिलं. हातातला मांडा खापरावर टाकला, करंगळीनं कड सारखी केली. मग तांब्या माझ्या हातातून घेतला. पेला बाजूला ठेवला. तांब्यातलं सगळं पाणी दोन्ही हातांवर ओतून घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, रिकामा तांब्या मला परत दिला. उठली, मांडवाच्या खांबापलीकडे नळ होता तिथवर गेली, आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्याली.

परत येऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, बाजूले व्हा. धग लागंल."

मी बाजूला झाले.